घोडी तंग आवळताना चावते, फाटकाशी अडते: धाकात ठेवायची की समजून घ्यायची?

माळरान
नमस्कार मंडळी. शिरूर तालुक्यात आमची शेती आहे. गेल्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून एक मारवाडी घोडी आणली. सहा वर्षांची, कुमैत (तांबूस अंग, काळी आयाळ), रेवाल म्हणजे न हिंदकळणाऱ्या भरभर चालीची. बागडोर (हातात धरून न्यायची दोरी) धरून नेली तर कुठंही मागं येते. पोरांच्या तळहातावरचा गूळ ओठांनी अलगद उचलते. खरारा करताना तर डोळे अर्धवट मिटून, एक मागचा पाय सैल सोडून उभी राहते.

खोगीर दिसलं की मात्र चित्र पालटतं. तंग, म्हणजे खोगीराचा पोटाखालचा पट्टा, आवळायला घेतला की कान मागं जातात, नाकपुड्यांच्या वर सुरकुत्या पडतात आणि मान वळवून दात मारायला येते. लगाम चढवताना डोकं आभाळाला लावते. उजव्या कानाला हात लावू देत नाही. वर बसल्यावर शेताच्या फाटकापर्यंत नीट जाते आणि तिथं चारी पाय रोवून उभी राहते. टाच दिली तर मागं सरकते, आणखी जोर केला तर पुढचे पाय उचलते.

गावातले दोघे-तिघे म्हणतात काटेरी लगाम घाल, दोन दिवस उपाशी ठेव, आपोआप सुधारेल. मला हे पटत नाही. खरारा करताना जी पेंगते ती घोडी खोडीची कशी? ती काहीतरी सांगते आहे आणि ते मला समजून घ्यायचंय. ‘नॅचरल हॉर्समनशिप’ म्हणून जे व्हिडिओ येतात ते पाहिलेत, पण त्यातलं आपल्याकडं काय चालतं? ज्यांनी प्रत्यक्ष घोडी हाताळलीत त्यांनी लिहा.

टापांचा_नाद
उजवा कान कुणीतरी पिळलेला आहे. नाल ठोकताना, सुई टोचताना घोडा हलू नये म्हणून कान पिळून धरतात. एकदा तसं झालं की घोडा वर्षानुवर्षं विसरत नाही.

पागेवाला_आबा
माझा उभा जन्म घोड्यांत गेला, म्हणून स्पष्ट लिहितो. घोड्याला मालक कोण हे कळलं पाहिजे. फाटकाशी अडली आणि तुम्ही उतरून तिला परत दावणीला नेलंत, की ती जिंकली. उद्या फाटकाच्या अलीकडं अडेल, परवा गोठ्यातच. काटेरी लगाम मीही कधी वापरला नाही, पण चाबूक हातात असू द्यावा. वापरायला नाही, असू द्यायला. आणि घेताना अंगावरचे केसांचे भोवरे पाहिले होते का? देवमण, म्हणजे शुभ मानतात तो भोवरा, आहे का गळ्याला?

कुतूहल
भाकरी का करपली? पानं का सडली? घोडा का अडला? न फिरवल्यानं! शाळेत पाठ केलेलं कोडं आज कामाला आलं. 😀 पण खरंच विचारतोय, दिवसभर घोडी कुठं असते?

डॉ_खूर
मी पशुवैद्य आहे, काम बहुतेक घोड्यांचंच. स्वभावाचा विचार करण्याआधी दुखणं वगळायचं. हा क्रम उलटा करू नका. घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे. कळपात जो लंगडला तोच आधी मारला जातो, म्हणून दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. तो ओरडत नाही, विव्हळत नाही. तो कान मागं घेतो, डोळ्यावरचा स्नायू ताणतो, हनुवटी आवळतो. याच खुणांवरून घोड्याच्या चेहऱ्यावरची वेदना मोजण्याची एक पद्धत २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढं इंग्लंडच्या डॉ. सू डायसन यांनी २०१८ मध्ये स्वार बसलेला असताना पाहायच्या २४ लक्षणांची यादी मांडली. त्यातली ८ किंवा जास्त दिसली तर हाडा-स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता दाट. त्या यादीत पुढचे पाय उचलणं आहे, जागेवर अडणंही आहे. आपण ज्याला खोड म्हणतो त्यातलं बरंच काही त्या यादीत सापडतं.

तुमच्या घोडीचं तोंड उघडून पाहायला हवं. घोड्याचे दात आयुष्यभर वर सरकत राहतात आणि चघळून झिजतात. झीज सारखी होत नाही. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडा धारदार होतात, गालाला आणि जिभेला कापतात. त्यावर लगाम ओढला गेला की गाल त्या धारेवर दाबला जातो. शिवाय काही घोड्यांना वरच्या पहिल्या दाढेपुढं एक बारका दात असतो, त्याला लगामाची कडी आपटते. डोकं आभाळाला लावायला एवढं पुरे आहे.

पाठीचं म्हणाल तर खोगीर उतरवल्यावर लगेच घाम बघा. सगळी पाठ ओली आणि मध्येच एखादा कोरडा ठिपका असेल तर तिथं खोगीर रुततंय. खांद्यामागं पांढरे केस उगवले असतील तर हे जुनं आहे.

माळरान
डॉक्टर, आबा, सगळ्यांचे आभार. सकाळी उजाडताच तासभर फिरवतो, परत आणून मग हरभरा आणि गव्हाचा कोंडा, दुपारी कडबा, संध्याकाळी पुन्हा खुराक. बाकी वेळ आगाडी-पिछाडी (पुढून आणि मागच्या पायांना दोर) लावून पत्र्याखाली बांधलेली असते. घोडं हे एकटंच, बाकी दोन गाई. जिथून आणली तिथं ती आणखी एका घोडीशेजारी बांधलेली होती, मला आठवतं. देवमण आहे आबा. 🙂

डॉ_खूर
तंगाचं उत्तर बहुधा इथंच आहे. घोड्याचं जठर देहाच्या मानानं लहान, साधारण ८ ते १५ लिटरचं. त्यात आम्ल चोवीस तास पाझरतं, खाल्लेलं असो वा नसो. मोकळा घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास थोडं थोडं चरतो. चघळताना सुटणारी लाळ आणि पोटातला चारा मिळून ते आम्ल झेलतात. रात्रभर रिकामं पोट आणि उजाडताच दौड, म्हणजे आम्ल जठराच्या वरच्या भागापर्यंत उसळतं. त्या भागाला आतून संरक्षण नसतं, तिथं व्रण होतात. शर्यतीच्या घोड्यांत हे सर्रास दिसतं. तंग आवळताना चावणं हे त्याचं ओळखीचं लक्षण आहे, एकमेव नव्हे.

खोगीर घालण्याआधी अर्धा तास लसूणघासाची एक मोठी पेंढी टाका. त्यातलं कॅल्शियम आम्लाला उतार देतं. हरभरा कमी करा, चारा वाढवा, रात्री पुढ्यात काहीतरी चघळायला असू द्या. दुर्बिणीची तपासणी जवळपास होत असेल तर उत्तम. औषध मात्र तुमच्या डॉक्टरांना दाखवूनच. आणि उपाशी ठेवण्याचा सल्ला देणाऱ्यांना लांब ठेवा. उपाशी घोड्याला पोटशूळ व्हायला वेळ लागत नाही, आणि घोड्याला उलटी होत नाही, हे लक्षात असू द्या.

ऑस्टिनकर
मूळचा सांगलीचा, टेक्सासमध्ये एका रँचवर शनिवार-रविवार घोड्यांची कामं करतो. डॉक्टरांनी लिहिलं ते आधी करा. तेवढ्यात हाताळणीचं लिहितो.

इथं ज्याला नॅचरल हॉर्समनशिप म्हणतात ती टॉम डोरन्स आणि रे हंट या गुराख्यांच्या हाताळणीतून पुढं आली. ती मऊपणाची शिकवण नाही. घोड्यावर दाब टाकायचा असतोच, मग तो दोरीचा असो, टाचेचा असो की नुसत्या आपल्या छातीच्या रोखाचा. शिकवतो तो दाब नाही, दाब सुटणं शिकवतं. बागडोर हलकी ताणा आणि थांबा. ओढू नका. घोडी मान वर करेल, बाजूला करेल, तुम्ही तसेच. ज्या क्षणी तिचा भार पुढच्या पायावर सरकतो, पाऊल उचललेलंही नसेल, त्या क्षणी दोर सैल. तिथं एक-दोन सेकंद उशीर झाला तर तिला भलतंच कळतं. तुमची घोडी मागं सरकली की टाच थांबते ना? मग मागं सरकल्यावर टाच थांबते, हे ती शिकली. हुशार आहे.

कानासाठी: हात मानेवर ठेवा, आयाळीतून वर सरकवा. कुठल्या जागी तिचा श्वास अडकतो, डोळा मोठा होतो, ते बघा. त्या जागेच्या दोन बोटं अलीकडं थांबा आणि ती निवांत असतानाच हात काढून घ्या. ती डोकं झटकेल तेव्हा काढायचा नाही. हळूहळू ती जागा कानाकडं सरकत जाते. मनगटाच्या पाठीनं स्पर्श करा, बोटांनी नको. बोटांनी पकडलं जातं हे तिला माहीत आहे. तोवर लगामाची एक बाजू सोडून तो गळ्याकडून चढवा, कानावरून ओढून घालू नका.

आणि समोरून सरळ कपाळाकडं हात नेऊ नका. घोड्याला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं, पण कपाळासमोर अगदी जवळचं आणि थेट शेपटीमागचं दिसत नाही. खांद्याच्या बाजूनं या.

शंका_हवी
व्हिडिओंबद्दल थोडं सावध करतो. गोल कुंपणात घोडा पळवायचा, मग पाठ फिरवली की तो आपणहून मागं येतो, हे दृश्य भारावून टाकतं. माँटी रॉबर्ट्स यांनी १९८९ मध्ये विंडसरला एलिझाबेथ राणीसमोर ते करून दाखवलं आणि जगभर नाव झालं. पण घोडा पळत असतो तो भीतीनं, आणि जवळ येतो कारण जवळ आल्यावर पळवणं थांबतं. तोही दाबच झाला, मारापेक्षा शंभर पटीनं बरा, पण दाबच. जीभ फिरवली, चघळलं की ‘घोड्यानं मान्य केलं’ असं सांगतात. ती खूण ताण ओसरल्याची असते, कराराची नव्हे.

हे नवंही नाही. १८५८ मध्ये अमेरिकेचा जॉन रेरी इंग्लंडला गेला, व्हिक्टोरिया राणीसमोर प्रयोग केले, क्रूझर नावाचा माणसांवर धावून जाणारा घोडा शांत करून दाखवला. त्याची युक्ती काय? घोड्याचा पुढचा एक पाय दुमडून पट्ट्यानं बांधायचा आणि तो दमून आडवा होईपर्यंत सांभाळायचं. मग अंगभर हात फिरवायचा. लोकांना ते प्रेम वाटलं. माझ्या मते घोड्यानं तिथं आशा सोडली होती. शांत घोडा आणि हरलेला घोडा लांबून सारखेच दिसतात. जवळून डोळा बघावा लागतो.

पागेवाला_आबा
शंका_हवी, शेवटचं वाक्य लाख बोललात. बाजारात गुंगीचं टोचून उभे केलेले घोडेही असेच ‘शांत’ असतात.

ऑस्टिनकर, तुम्ही दोर सोडण्याबद्दल जे लिहिलंत ते आमचे वडील ‘हात हलका ठेव’ म्हणून सांगत. लगाम मुठीत धरायचा नाही, बोटांत धरायचा. त्याबद्दल वाद नाही. पण फाटकाबद्दल मी अजून ठाम आहे. अडल्यावर परत न्यायचं नाही.

ऑस्टिनकर
आबा, त्यात आपलं एकमत आहे. परत न्यायचं नाही, आणि मारायचंही नाही. मधली वाट पुढं सांगतो.

भीमथडी_प्रेमी
आपल्याकडची धनगरांची तट्टं कुणी नीट पाहिलीत का? मेंढरांमागं चालणारं भीमथडी तट्टू, पाठीवर अख्खा संसार: भांडी, घोंगड्या, वर बांधलेल्या कोंबड्या, एखादं नवं कोकरू, कधी लहान पोरही. बाजूनं एसटी भोंगा वाजवत जाते, तट्टू कान हलवतं आणि चालत राहतं. त्याला कुणी गोल कुंपणात घातलेलं नसतं. शिंगरू जन्मल्यापासून आईच्या बाजूनं मोकळं चालतं. आई कशाला घाबरत नाही ते बघत मोठं होतं. वाड्यावर माणसांच्या, कुत्र्यांच्या, मेंढरांच्या गर्दीत झोपतं. कळप, चालणं आणि दिवसभर चरणं, घोड्याला जे हवं ते सगळं त्यात आपोआप आलं. भीमथडीला आता स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली आहे. तिच्याबरोबर ही वागवण्याची रीतही नोंदली जायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

वारकरी_मन
भीमथडी_प्रेमी, वाचून रिंगण आठवलं. माउलींचे अश्व शितोळे सरकारांच्या अंकलीहून आळंदीला चालत येतात. वाटेत त्यांना गाव, बँड, फटाके, पाऊस सगळं भेटतं. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं तेव्हा दुतर्फा माणसांची भिंत आणि टाळमृदंगाचा कल्लोळ, त्यातून घोडा दौडत जातो आणि नंतर लोक टापांखालची माती कपाळाला लावायला तुटून पडतात. भित्रा घोडा तिथं क्षणभर टिकणार नाही.

टापांचा_नाद
आणि लग्नात नाचवतात ते घोडे? त्यांनाही लोक ‘किती शांत’ म्हणतात. पाय बांधून, काठीनं टाचांवर मारून ते नाचणं शिकवलेलं मी पाहिलंय. त्याला शिकवणं म्हणवत नाही मला.

कायद्याचं_बोला
काटेरी लगामाबद्दल एक भर. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठीचे १९६५ चे केंद्रीय नियम आहेत, प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालचे. टोकदार, काटेरी लगाम, काठ्या, साज वापरायला त्यात स्पष्ट बंदी आहे, स्वारीसाठीही. सल्ला देणाऱ्यांना हे सांगा. बाजारात अजून उघड विकले जातात ही शरमेची गोष्ट आहे.

माथेरानी
अडण्याबद्दल आमचा अनुभव. आमच्याकडं पर्यटकांना फिरवणारे घोडे ठरावीक पॉइंटला आपोआप थांबतात, कारण तिथं रोज माणसं उतरून फोटो काढतात. नवा माणूस बसला आणि त्याला पुढं जायचं असलं तरी घोडा थांबणारच. त्याच्या दृष्टीनं तो आज्ञा पाळतोय. कधी कधी घोडा अडला असं आपण म्हणतो तेव्हा त्याला आधी शिकवलेलं नीट लक्षात आहे, एवढंच असतं. फाटकाशी आधीच्या मालकाकडं काय व्हायचं, चढ-उतार तिथंच व्हायचा का, ते विचारून बघा.

अजून एक. रांगेत चालताना मागचा घोडा फार जवळ आला की पुढचा लाथ झाडतो. त्याला खोडीचा म्हणू नये, अंतर आपण ठेवायचं. ज्या घोड्याला ती सवय आहे त्याच्या शेपटीला बाहेरदेशी लाल फीत बांधतात.

कुतूहल
लाल फीत आमच्या ऑफिसात पण आहे, तिथंही फाईल अडते. 😀

माळरान
डॉक्टरांच्या सांगण्यावरून तालुक्याच्या गावातल्या घोडेवाल्या डॉक्टरांना बोलावलं. तोंड उघडून बॅटरीच्या उजेडात मला दाखवलं: उजव्या गालाला आतून चिरल्यासारखी लांब जखम, वरच्या दाढेची कड ब्लेडसारखी. दात कानशीनं घासले. लगाम आठवडाभर बंद, नुसती मोरकी, म्हणजे तोंडात कडी नसलेला दोरीचा मुखसर. पाठीला खोगीर ठीक बसतंय. पोटाचं औषध चालू केलं, सकाळी लसूणघास आधी, स्वारी नंतर. पिछाडी कायमची काढली. विहिरीमागच्या पडीक तुकड्याला कुंपण घालून तिथं मोकळी सोडतो. पहिल्या दिवशी ती मातीत लोळली, उठली आणि चौखूर उधळली. गाई बघत राहिल्या.

तंग आता दोन टप्प्यांत आवळतो, सैल लावून चार पावलं चालवून मग. कान मागं जातात अजून, पण दात मारत नाही. उजव्या कानाच्या बुडापर्यंत हात पोचतो. फाटक मात्र तसंच आहे. पायी नेली तर जाते, वर बसलो की नाही.

ऑस्टिनकर
छान चाललंय. पायी जाते आणि वर बसल्यावर नाही, म्हणजे पायी असताना तुम्ही तिचा सोबती असता. वर बसलात की तिच्या नजरेत ती एकटी पुढं निघालेली असते. कळपातल्या जनावराला ते जिवावरचं वाटतं.

आता मधली वाट, आबा. काम फाटकाच्या आत करायचं, विसावा फाटकाबाहेर. आतल्या बाजूला छोटी वर्तुळं, वळणं, दुडकी, घाम यावा इतपत नको पण कंटाळा यावा इतपत. मग फाटकाकडं तोंड करून लगाम सैल. एक पाऊल पुढं टाकलं की सगळं थांबवा, मानेवरून हात फिरवा, उतरा, तिथंच लसूणघास द्या. अडली तर टाचा मारत बसू नका, पुन्हा आतलं काम. तिनं पुढचे पाय उचलले तर लगाम ओढू नका, पुढं झुका, आणि पाय टेकले की एका बाजूला वळवा. वळणाऱ्या घोड्याला मागच्या पायांवर उभं राहता येत नाही. हे करताना जाणता माणूस शेजारी हवा, एकट्यानं नको.

स्वीडनहून_सई
इथं २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगते. माणसांना घोडा ठरलेल्या वाटेनं चालवायला दिला आणि सांगितलं की चौथ्या फेरीला छत्री उघडणार. छत्री उघडलीच नाही. तरी त्या फेरीला माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही. माळरान, फाटक जवळ आलं की तुमचेच गुडघे आवळत असतील, श्वास अडकत असेल. तिथं मुद्दाम गाणं म्हणत जा. गाताना श्वास रोखता येत नाही.

शंका_हवी
यात अविश्वास दाखवावा असं काही दिसत नाही. बर्लिनचा ‘हुशार हान्स’ घोडा गणितं सोडवतो म्हणून गाजला होता. १९०७ मध्ये उलगडलं की तो विचारणाऱ्याच्या डोक्याची बारीकशी हालचाल वाचून टाप आपटणं थांबवायचा. ती हालचाल माणसाला स्वतःलाही कळत नव्हती.

पागेवाला_आबा
माळरान, मी दौंडला असतो. माझ्याकडं एक म्हातारा खच्ची केलेला घोडा आहे, सोन्यासारखा. तो पुढं चालला की कुठलीही घोडी मागं येते. तुमचं रस्त्यावरचं फाटक, पलीकडं ओढा, सगळं तो शांतपणे पार करेल, तुम्ही फक्त मागं बसून राहायचं. नंतर त्याला बाजूला आणायचा, मग मागं. चाबूक घरी ठेवून येतो. 🙂

माळरान
आबा, यायचंच. कधी येताय? गाडीची सोय मी करतो.

पागेवाला_आबा
येत्या गुरुवारी सकाळी. रविवारी रस्त्याला फार वाहनं असतात. त्याला चढायला फळी लागते, उंच गाडी असेल तर उतरंड बघून ठेवा. आणि घोडीला त्या दिवशी आधी पोटभर चारा, डॉक्टर म्हणाले तसा.

डॉ_खूर
दोन्ही घोडी एकदम नाकाला नाक लावून उभी करू नका. आधी कुंपणाच्या दोन बाजूंना सोडा, किंचाळतील, पाय आपटतील, तेवढं होऊ द्या. आणि आबांच्या घोड्याला धनुर्वाताची लस झालीय ना, ते निघण्याआधी बघून घ्या.